आययूआयचं सॅम्पल 'तयार' करतात म्हणजे नक्की काय करतात? (ग्रेडियंट, स्विम-अप, चिप)

रानजाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आमचे मूल होण्यासाठीचे उपचार चालू आहेत. यावेळी आययूआयच्या (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडतात ती पद्धत) आधी लॅबने एक कागद दिला, त्यात दोन रकाने आहेत. वॉशच्या (म्हणजे सॅम्पल धुण्याच्या) आधी: २.४ मिली, दर मिलीला ३८ मिलियन शुक्राणू, त्यातले पुढे जाणारे ४१ टक्के. वॉशनंतर: ०.५ मिली, दर मिलीला २२ मिलियन, पुढे जाणारे ९२ टक्के. खाली पद्धत लिहिली आहे, डेन्सिटी ग्रेडियंट.

माझे प्रश्न असे. एकूण आकडा एवढा खाली कसा आला? लॅबमध्ये सांडलं की काय? तासाभरात ४१ चे ९२ कसे झाले, कुठलं औषध घातलं? आणि पुढच्या वेळी जादा पैसे भरून 'चिप'वर करा असं सुचवलंय, त्याचा खरंच फायदा होतो का? डॉक्टरांना विचारलं तर "लेटेस्ट आहे, चांगलं आहे" एवढंच उत्तर मिळालं. नवरा म्हणतो घेऊन टाकू. मी म्हणते आधी कळू तर दे.

कावळा
सांडलं नाही ताई, गाळलं. बाकीचं जाणकार सांगतीलच. पहिल्या रांगेत जागा धरून बसलोय.

सूक्ष्मदर्शी
रानजाई, मी भ्रूणशास्त्राच्या लॅबमध्येच काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मुळात वीर्य जसंच्या तसं गर्भाशयात का सोडत नाहीत, तिथून सुरुवात करू. वीर्यात शुक्राणूंशिवाय बरंच काही असतं: प्रोस्टाग्लँडिन्स, मेलेल्या पेशी, पांढऱ्या पेशी, जंतू. एरवी गर्भाशयमुखातला चिकट स्राव हे सगळं अडवतो आणि पोहणारे शुक्राणू तेवढे आत जाऊ देतो. आययूआयमध्ये कॅथेटर (बारीक नळी) हा पहारा ओलांडून थेट आत जातो. तिथे कच्चं वीर्य सोडलं तर प्रोस्टाग्लँडिन्समुळे गर्भाशय जोरात आकुंचन पावतं, बाईला कळा येतात, शिवाय संसर्गाची भीती. म्हणजे स्रावाने करायचं काम लॅबला करावं लागतं.

दुसरं कारण आयव्हीएफसाठी (बीज शरीराबाहेर फलित करतात ती पद्धत) जास्त महत्त्वाचं. ताजा शुक्राणू बीजाला लगेच फलित करू शकत नाही, त्याला आधी काही काळ स्त्रीच्या जननमार्गात घालवावा लागतो. चँग आणि ऑस्टिन या दोघांनी १९५१ मध्ये स्वतंत्रपणे हे दाखवलं. या बदलाला कपॅसिटेशन म्हणतात. वीर्यातल्या द्रवात हा बदल रोखून धरणारे घटक असतात. ते काढून शुक्राणू अल्ब्युमिन आणि बायकार्बोनेट असलेल्या मिडीयममध्ये (शुक्राणू जिवंत ठेवणाऱ्या द्रवात) ठेवले की हा बदल बाहेरही घडतो.

आता पद्धती. आधी सॅम्पल पातळ व्हायची वाट बघतात. बहुतेक वेळा १५ ते ३० मिनिटं पुरतात, तासाच्या आत व्हायलाच हवं. हे काम पीएसए नावाचं विकर करतं, म्हणजे प्रोस्टेटच्या तपासणीत रक्तात मोजतात तेच. पुढे तीन वाटा.

साधा वॉश: मिडीयम मिसळायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचं पाणी टाकून तळाचा साका पुन्हा मिडीयममध्ये घ्यायचा. निवड काहीच नाही, मेलेलेही सगळे सोबत येतात.

स्विम-अप: ट्यूबमध्ये वीर्यावर हलक्या हाताने मिडीयमचा थर द्यायचा, ट्यूब ४५ अंशांत तिरकी ठेवायची, ३७ अंश सेल्सियसला तासभर. ज्यांना पोहता येतं ते वर येतात, वरचा थर काढून घ्यायचा.

डेन्सिटी ग्रेडियंट: ट्यूबच्या तळाशी सिलिकाच्या सूक्ष्म कणांचं ८० टक्के द्रावण, त्यावर ४० टक्के, सगळ्यांत वर वीर्य. ३०० ते ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) बळाने १५ ते ३० मिनिटं फिरवायचं. पूर्ण वाढ झालेल्या शुक्राणूचं डोकं घट्ट, घनता जास्त, तो दोन्ही थर पार करून तळाशी जातो. अर्धवट वाढलेले, मेलेले, पांढऱ्या पेशी वरच अडकतात.

तुमच्या कागदाचं गणित करून बघू. आधी २.४ गुणिले ३८ म्हणजे ९१ मिलियन, त्यातले ४१ टक्के म्हणजे साधारण ३७ मिलियन पुढे जाणारे. नंतर ०.५ गुणिले २२ म्हणजे ११, त्यातले ९२ टक्के म्हणजे १० मिलियन. ३७ पैकी १० हाती आले. ग्रेडियंटमध्ये पोहणाऱ्यांपैकी २० टक्क्यांहून जास्त हाती येतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मॅन्युअलमध्ये आहे, स्विम-अपमध्ये त्याहून कमी. तुमच्या लॅबने काम नीट केलं आहे.

आणि औषध कुठलंच घातलेलं नाही. एकही शुक्राणू आधीपेक्षा जोरात पोहू लागला नाही. मंद होते ते मागे ठेवले म्हणून टक्केवारी चढली. लॅब फक्त निवडते, सुधारत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर चिपबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील. चिपवर नंतर लिहितो, सेंट्रिफ्यूज वाजला.

खडूस_काका
पीएसए! आमच्या वयात तो रिपोर्ट फारच वेगळ्या कारणाने काढतात हो. तरुणपणी त्याला एवढं चांगलं काम होतं हे आज कळलं.

कावळा
काका, दंडवत. म्हणजे स्विम-अप ही प्रवेश परीक्षा. स्वतःच्या बळावर वर आला तो पास.

मधली_सुट्टी
मी अँड्रॉलॉजी (वीर्यतपासणीच्या) लॅबमध्ये आहे. सूक्ष्मदर्शी साहेबांशी बरीचशी सहमत, पण स्विम-अपचं वर्णन जरा जास्तच साजूक झालंय. पूर्वी बऱ्याच ठिकाणी आधी सेंट्रिफ्यूज करून साका बनवायचे आणि त्या साक्यावर मिडीयम घालून शुक्राणूंना वर यायला लावायचे. त्या गाळात चांगले शुक्राणू, मेलेल्या पेशी आणि पांढऱ्या पेशी एकमेकांना चिकटून बसतात. पांढऱ्या पेशी आणि खराब शुक्राणू ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू सोडतात आणि शेजारच्या चांगल्या शुक्राणूंच्या पडद्याची वाट लावतात. ॲटकेन आणि क्लार्कसन यांनी १९८८ मध्ये हे दाखवलं. तेव्हा नुसतं "स्विम-अप" लिहिलेलं पुरेसं नाही. थेट वीर्यावर केलं की साक्यावर, हे विचारा.

आमच्याकडे जवळजवळ सगळ्यांना ग्रेडियंट. एक तर वेळ कमी. दुसरं, सॅम्पलमध्ये पांढऱ्या पेशी जास्त असल्या तर त्या काढायला याहून बरी सोय नाही. तिसरं, सकाळी सॅम्पलांची रांग लागलेली असताना प्रत्येकासाठी वेगळी पद्धत ठरवत बसलं की चुकांना आमंत्रण.

सूक्ष्मदर्शी
साक्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य, मी थेट वीर्यावरच्याच पद्धतीबद्दल लिहिलं होतं. पण "सगळ्यांना ग्रेडियंट" हे नाही पटत. भरपूर संख्या, उत्तम गती असलेल्या सॅम्पलला सिलिकातून कशाला काढायचं? निवडीआधी फिरवणंच नको, पुढे मिडीयमने धुताना काय ते हलकं फिरवू. रांगेचं कारण लॅबच्या सोयीचं आहे, सॅम्पलच्या नाही. संख्या कमी किंवा पेशींचा कचरा जास्त असेल तर मात्र ग्रेडियंटच, तिथे वाद नाही.

मधली_सुट्टी
सोय म्हणून नाक मुरडू नका साहेब, लॅबमधली निम्मी सुरक्षितता त्या सोयीतच असते. एकाच वेळी चार ट्यूब हातात असताना एकच ठरलेली पद्धत असली की लक्ष नावाच्या लेबलवर राहतं. प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या माणसाने लेबल वाचून सही करायची, हा नियम मला कुठल्याही पद्धतीपेक्षा मोठा वाटतो.

सूक्ष्मदर्शी
लेबलाबाबत हात जोडून सहमत. बाकी ठिकाणी तुमचं तुम्ही, माझं मी.

अर्धविराम
दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणून थोडा पुरावा टाकतो. आययूआयसाठी साधा वॉश, स्विम-अप आणि ग्रेडियंट यांची तुलना करणारा कॉक्रेन आढावा (झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारा) आहे, २०१९ मध्ये अद्ययावत केलेला. निष्कर्ष असा की गर्भधारणेच्या दृष्टीने यातली कुठली एक पद्धत सरस म्हणायला पुरेसा पुरावा नाही. म्हणजे दोन्ही तज्ज्ञ आपापल्या लॅबमध्ये सुखाने नांदू शकतात.

खडूस_काका
एवढं भांडून शेवटी बरोबरी? पैसे परत द्या.

पाव्हणा
एक शंका. वॉश करतानाच मुलगा-मुलगीचे वेगळे करता येतात म्हणे. जडवाले तळाशी, हलकेवाले वर. खरं का?

सूक्ष्मदर्शी
नाही. माणसात एक्स असलेल्या शुक्राणूत वाय असलेल्यापेक्षा डीएनए साधारण २.८ टक्के जास्त असतो. ग्रेडियंट किंवा स्विम-अपमध्ये एवढ्याशा फरकाने ते वेगळे होत नाहीत. एरिकसनने १९७३ मध्ये अल्ब्युमिनच्या थरांतून वायवाले वेगळे होतात असा दावा केला होता. पुढे गुणसूत्रं थेट तपासता येऊ लागल्यावर तो टिकला नाही.

संपादक
या उपविषयावर इथेच पडदा. लिंगनिवडीबद्दलचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील. कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

नीलमोहर
रानजाई, आमचा अनुभव वेगळा आहे, कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते. ह्यांना मधुमेह आहे. सॅम्पल द्यायला गेले की जेमतेम थेंबभर. आधी एका ठिकाणी "ताण घेऊ नका" म्हणून परत पाठवलं होतं. नंतरच्या डॉक्टरांनी लगेच विचारलं, नंतरची लघवी तपासली का? वीर्य बाहेर येण्याऐवजी मागे मूत्राशयात जात होतं. आदल्या रात्रीपासून आणि सकाळी पाण्यातून सोडा बायकार्ब प्यायला दिलं, म्हणजे लघवीची आम्लता उतरते. मग आधी लघवी करून मूत्राशय रिकामं करायचं, नंतर सॅम्पल, आणि त्यानंतरची लघवी वेगळ्या भांड्यात. लॅबवाली मुलगी ते भांडं घेऊन अक्षरशः पळत गेली. ह्यांना आधी फार कानकोंडं झालं होतं. पण त्यातून शुक्राणू निघाले, चांगले निघाले.

मधली_सुट्टी
पळणारच! लघवीची आम्लता आणि क्षारांचं प्रमाण दोन्ही शुक्राणूंना मारक. जितक्या लवकर सेंट्रिफ्यूज करून मिडीयममध्ये आणू तितके जास्त वाचतात. नीलमोहरताई, मोकळेपणाने लिहिलंत ते फार बरं झालं. कितीतरी जण ही गोष्ट सांगायलाच लाजतात आणि वर्षं वाया जातात.

यावरूनच सॅम्पल देणाऱ्यांसाठी. २ ते ७ दिवसांचं अंतर ठेवायचं. पहिला भाग भांड्याबाहेर गेला तर लपवू नका, सांगा. सगळ्यांत जास्त शुक्राणू पहिल्या भागातच असतात. साधं कंडोम नको, कुठलंही वंगण नको, थुंकीही नको, सगळं शुक्राणूंना घातक. घरून आणणार असाल तर भांडं अंगाच्या उबेत ठेवा आणि शक्यतो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचवा. फ्रिजमध्ये किंवा बर्फावर ठेवून आणणारेही भेटलेत.

कावळा
काळजीपोटी केलं असेल हो बिचाऱ्यांनी.

गणितज्ञ_नव्हे
वर कुणीतरी ३०० जी लिहिलंय. आमच्या रिपोर्टवर १६०० आरपीएम आहे. कुठलं बरोबर?

मधली_सुट्टी
हा माझा आवडता विषय, आता थांबवू नका. आरपीएम म्हणजे मिनिटाला किती फेरे. शुक्राणूवर प्रत्यक्ष बळ किती पडतं ते फेऱ्यांबरोबर मशीनच्या त्रिज्येवरही ठरतं. सूत्र: ०.००००१११८ गुणिले त्रिज्या (सेंटिमीटरमध्ये) गुणिले आरपीएमचा वर्ग. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या मशीनला १६४० आरपीएमला ३०० जी मिळतात. तोच १६४० चा आकडा १६ सेंटिमीटरच्या मशीनवर लावला तर ४८० जी. त्या मशीनला ३०० जीसाठी १३०० पुरतात. म्हणून नुसत्या आरपीएमवरून काहीच कळत नाही. नवीन मशीन येतं, जुनी चिठ्ठी तशीच चिकटवली जाते, मग "हल्ली रिकव्हरी का बदलली" म्हणून डोकं खाजवत बसतात.

असंच मिडीयमचं. हेपेसवालं (आम्लता स्थिर ठेवणारं रसायन घातलेलं) मिडीयम बाहेरच्या हवेत काम करायला असतं. ते झाकण सैल ठेवून कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये ठेवलं की आम्ल होत जातं. बायकार्बोनेटवालं बाहेर ठेवलं की उलट. शुक्राणू मलूल दिसले की दोष नवऱ्याच्या माथी!

खडूस_काका
हे वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

जुनाजाणता
अवांतर, पण या क्षेत्रातल्या जुन्यांना पर्कोल हे सिलिकाचं द्रावण आठवत असेल. ग्रेडियंट म्हणजे पर्कोल असंच समीकरण होतं. १९९६ मध्ये कंपनीनेच ते माणसांच्या उपचारांत वापरू नका म्हणून सांगितलं. त्यातल्या सिलिकाच्या कणांवर पीव्हीपीचं आवरण असायचं. नंतर सिलेनचं आवरण असलेली उत्पादनं आली, आज तीच वापरात आहेत.

एक_प्रश्न
नवरा एचआयव्ही बाधित असेल तर वॉश करून मूल होऊ शकतं असं ऐकलं. मैत्रिणीसाठी विचारते आहे.

सूक्ष्मदर्शी
हो. इटलीत सेम्प्रिनी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे प्रसिद्ध केलं. विषाणू मुख्यतः वीर्याच्या द्रवात आणि पांढऱ्या पेशींत असतो. म्हणून आधी ग्रेडियंट, मग त्यातून आलेल्यांचं स्विम-अप. पुढे त्या सॅम्पलचीही पीसीआर तपासणी करू लागले. हल्ली नियमित औषधांनी रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला तर लैंगिक संबंधातूनही तो पसरत नाही, त्यामुळे गरज कमी झाली आहे. मैत्रिणीला आधी एचआयव्हीच्या डॉक्टरांना भेटायला सांगा.

आता चिप, राहिलं होतं. एका बाजूला वीर्य, मध्ये सूक्ष्म वाहिन्या किंवा साधारण ८ मायक्रॉनची छिद्रं असलेला पडदा, पलीकडे मिडीयम. सेंट्रिफ्यूज अजिबात नाही. पोहून पलीकडे जातील ते घ्यायचे. तत्त्व स्विम-अपचंच, रचना हुशार. वेगळ्या दोन पद्धती म्हणजे मॅक्स आणि पिक्सी. मॅक्समध्ये मरणपंथाला लागलेल्या शुक्राणूंना चुंबकीय कण चिकटवून अडवतात. पिक्सीमध्ये हायलुरोननला (बीजाभोवती असणारा एक पदार्थ) चिकटणारा शुक्राणू निवडून बीजात टोचतात. पिक्सी आययूआयच्या कामाची नाही, ती आयसीएसआयसाठी, म्हणजे एकच शुक्राणू सुईने बीजात टोचतात त्यासाठी.

अर्धविराम
पिक्सीचा पुरावा हाताशी आहे. हॅबसिलेक्ट नावाची ब्रिटनमधली मोठी चाचणी, लॅन्सेटमध्ये २०१९ ला आली, २,७७२ जोडपी. पूर्ण दिवसांच्या जिवंत बाळाचं प्रमाण पिक्सीत २७.४ टक्के, साध्या आयसीएसआयत २५.२. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. गर्भपात मात्र ४.३ विरुद्ध ७ टक्के. हा निकाल दुय्यम होता, पण दुर्लक्ष करावं असाही नाही.

चिपमधून आलेल्या शुक्राणूंत तुटक्या डीएनएचं प्रमाण कमी असतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसतं. पण प्रयोगशाळेतला सुधारलेला आकडा आणि हातात आलेलं बाळ यांत बरंच अंतर असतं. सरसकट सगळ्या जोडप्यांना चिप वापरल्याने बाळांचं प्रमाण वाढतं, असं ठामपणे म्हणता येत नाही. ईएसएचआरई या युरोपीय संस्थेने २०२३ मध्ये जादा पैसे घेऊन केल्या जाणाऱ्या अशा उपायांचा आढावा घेतला, त्यात शुक्राणू निवडीच्या या पद्धती नेहमीच्या वापरासाठी सुचवलेल्या नाहीत.

चिपधारी
थोडी दुसरी बाजू. आमच्याकडे आयसीएसआयमध्ये भ्रूण सारखे तिसऱ्या दिवसानंतर थांबत होते, डीएनए फ्रॅगमेंटेशनचा रिपोर्टही वाईट. चिप वापरली तेव्हा ब्लास्टोसिस्ट (पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत वाढलेले भ्रूण) झाले. योगायोग म्हणा हवं तर, त्याच वेळी औषधांचा प्रोटोकॉलही बदलला होता. पण "पुरावा नाही" असं ऐकून आम्ही ती नाकारली असती तर मला आयुष्यभर रुखरुख राहिली असती.

अर्धविराम
चिपधारी, तुमच्या जागी मीही घेतली असती. तुमच्याकडे कारण होतं. माझा आक्षेप कारण नसताना विकण्याला आहे.

सूक्ष्मदर्शी
नेमकं. आययूआयपुरती एक अडचण आणखी. चिपमध्ये सॅम्पल ठरावीकच मावतं आणि पलीकडे येणारे मोजके. बीजात एकच टोचायचा असेल तर मोजके पुरतात. आययूआयमध्ये संख्या लागते. रानजाई, तुमचे १० मिलियन गाळून गाळून २ वर आणून काय मिळवायचं?

रानजाई
बापरे, दोन दिवसांत केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आज लॅबमध्येच जाऊन बसले. तिथल्या मॅडमनी शांतपणे सगळं दाखवलं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत. डीएनएची तपासणी केलेलीच नाही, मग चिप कशासाठी विचारलं तर म्हणाल्या, "आमची मागणी नव्हती, वरून यादीत टाकलंय." मशीनवर आरपीएम आणि जी दोन्ही दिसतात, मधली_सुट्टी यांना सांगायला मुद्दाम बघून आले.

पुढच्या वेळी ग्रेडियंटच. नवरा म्हणतोय वाचलेले पैसे मी ठेवतो. एकच विचारायचंय, वॉशनंतरचा आकडा कितीच्या खाली गेला तर काळजी करायची?

मधली_सुट्टी
जी बघून आलात! जीव सुखावला.

सूक्ष्मदर्शी
वॉशनंतर एकूण पोहणारे ५ ते १० मिलियन असतील तर आययूआय चालू ठेवायला लॅबच्या बाजूने हरकत नसते. १ मिलियनच्या खाली वारंवार जाऊ लागले तर आययूआयमध्ये वेळ घालवण्यापेक्षा आयव्हीएफ किंवा आयसीएसआयबद्दल बोलावं. मधला पट्टा वय, नळ्या, किती वर्षं वाट बघताय यावर ठरतो आणि ते डॉक्टरांनी बघायचं. एका रिपोर्टवरून काही ठरवू नका, त्याच माणसाचा आकडा दर वेळी बराच हलतो. ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम दोन-तीन महिन्यांपर्यंत दिसतो.

उशिरा_आलेली
धागा उशिरा वाचला. आमचं सॅम्पल गोठवून ठेवलंय, ह्यांना बाहेरगावी जावं लागतं म्हणून. त्यालाही हेच सगळं करतात का?

मधली_सुट्टी
हो, वितळवल्यावर. फक्त गोठवताना त्यात ग्लिसरॉल घातलेलं असतं, ते काढताना मिडीयम एकदम ओतायचं नाही, थेंब थेंब घालत जायचं. नाहीतर पाणी झपाट्याने आत शिरून शुक्राणू फुगतात आणि पडदा फाटतो. गोठवण्या-वितळवण्यात पोहणारे बऱ्यापैकी कमी होतात हे धरूनच चाला. एकाहून जास्त व्हायल ठेवल्यात ना, ते विचारून घ्या.